दोन तास कधीपासून मोजायचे?

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी, इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरी, बाबांच्या लघवीच्या पिशवीत काहीच जमत नाही हे माझ्या लक्षात आले. बाबांचे वय शहाऐंशी; प्रोस्टेटच्या त्रासामुळे दीड वर्षापासून त्यांना कायमचा कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात बसवलेली नळी, आहे. सकाळी नऊला रिकामी केलेली पिशवी दुपारी तशीच चपटी लटकत होती, आणि चादर बाजूला करून पाहिले तर ओटीपोट हाताला दगडासारखे लागत होते. मी दुधाच्या हिशेबाची वही ओढली आणि तिच्या मागच्या पानावर वेळा लिहीत गेले. ३.४० पिशवी रिकामी. ४.०५ ज्या सेवेकडून दर महिन्याला मेल नर्स येतो तिला फोन. ४.२० ‘पाठवतो’ असे उत्तर. ५.३५ पुन्हा फोन. मुलगा दुसऱ्या पेशंटकडे अडकला आहे. ७.५० मेल नर्स दारात, पण त्याच्या बॅगेत चौदा नंबरची नळी आणि बाबांना लागते सोळा. ८.४० औषधाच्या दुकानातून नळी आणून बदलली आणि पिशवीत पहिली धार पडली. काही मिनिटांतच आठशे मिलिलिटर जमले आणि बाबा, दुपारपासून पहिल्यांदाच, पाय सरळ करून झोपले.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून धाकट्या भावाने विचारले, ‘ताई, एकूण किती वेळ गेला गं?’ या साध्या प्रश्नाला माझ्या वहीत निदान चार उत्तरे होती. पहिल्या फोनपासून ‘पाठवतो’ या शब्दापर्यंत पंधरा मिनिटे. फोनपासून माणूस दारात येईपर्यंत पावणेचार तास. पिशवी रिकामी दिसल्यापासून लघवी मोकळी होईपर्यंत पाच तास. आणि नळी नेमकी केव्हा तुंबली हे कोणीच पाहिले नसल्यामुळे, बाबांनी प्रत्यक्षात किती सोसले त्याची सुरुवात सकाळी नऊ ते दुपारी पावणेचारच्या मध्ये कुठेतरी हरवलेली. मी त्या सेवेकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी पहिला आकडा सांगितला: ‘आमचा रिस्पॉन्स टाइम पंधरा मिनिटांचा होता.’ त्यांच्या व्याख्येप्रमाणे ते खोटे बोलत नव्हते.

हा लेख त्या व्याख्येविषयी आहे. आपल्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात आज एक तरी म्हातारे माणूस आहे आणि त्यांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. अशा घरी ‘तातडीने माणूस पाठवतो’ या वाक्यावर किती विसंबायचे, हे ठरवायला प्रतिसादाचा काळ म्हणजे नेमके काय ते समजून घेणे भाग आहे.

आजारपणातली तातडी एकाच प्रकारची नसते, ही पहिली गोष्ट. काही प्रसंग मिनिटांचे असतात. छातीत दाबल्यासारखे दुखणे, अचानक तोंड वाकडे होऊन हात लुळा पडणे, श्वास न पुरणे, शुद्ध हरपणे, पडल्यावर पाय आखूड दिसणे किंवा टेकवता न येणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागणे. इथे घरी कोणाला बोलावण्याचा विचारही करू नये. १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी. लकव्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्या आधी सी.टी. स्कॅन व्हावा लागतो, त्यामुळे घरी नर्सची वाट पाहण्यात गेलेला एक तास त्या साडेचारांतूनच वजा होतो. याच्या दुसऱ्या टोकाला दिवसांचे प्रसंग आहेत: टाके काढणे, नेहमीचे ड्रेसिंग, रक्ताचा नमुना. ते उद्या झाले तरी चालते.

या दोहोंच्या मध्ये तासांचे प्रसंग येतात आणि आपली सगळी अडचण तिथेच आहे. तुंबलेला कॅथेटर. पलंगाजवळ घसरून बसलेली, फारसे न लागलेली पण उठता न येणारी आजी. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज सकाळपासून असंबद्ध बोलू लागणे, ज्यामागे बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ किंवा एखादे नवे औषध असते. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर वरखाली होणे. शेवटच्या दिवसांत असलेल्या कॅन्सरच्या रुग्णाची वेदना औषधाला न जुमानणे. यांतले कोणतेही दुखणे काही मिनिटांत माणूस मारत नाही, पण उद्या सकाळपर्यंत थांबवले तर त्याचे रूपांतर रुग्णालयात भरती करण्यात होते. वृद्ध माणूस जमिनीवर तासाभरापेक्षा जास्त पडून राहिला तर दाबाखालच्या कातडीला जखम होऊ लागते, स्नायू चिरडून त्यातले द्रव्य मूत्रपिंडांवर येऊ शकते, अंग गार पडते. म्हणजे मूळ पडणे किरकोळ असूनही पडून राहणे गंभीर ठरते. आणि भरती झाल्यावर वेगळीच घसरण सुरू होते: नुसते अंथरुणाला खिळून राहिल्याने वृद्धांच्या पायांतले स्नायू दिवसागणिक झिजतात, आणि ज्या माणसाने चालत दवाखाना गाठला तो आठ-दहा दिवसांनी आधाराशिवाय उभा राहू शकत नाही. हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे.

या मधल्या थरासाठी घड्याळ लावण्याचा सगळ्यात स्पष्ट प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत (एन.एच.एस.) त्याला ‘अर्जंट कम्युनिटी रिस्पॉन्स’ म्हणतात. आपण त्याला तातडीचा गृह-प्रतिसाद म्हणू. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये शिफारस केली की घरी अचानक संकट उद्भवलेल्या माणसापर्यंत मदत दोन तासांत पोचायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये एन.एच.एस.च्या दीर्घकालीन योजनेत ते वचन म्हणून आले, त्याच्या जोडीला दुसरे वचन दोन दिवसांचे: ज्याची ताकद गेली आहे त्याला पुन्हा स्वतः आंघोळ करता यावी, कपडे घालता यावेत, स्वयंपाकघरापर्यंत जाता यावे यासाठीची घरची मदत दोन दिवसांत सुरू व्हावी. एप्रिल २०२२ पर्यंत ही सेवा आठवड्याचे सातही दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ, इंग्लंडच्या सगळ्या भागांत उपलब्ध करण्याचे ठरले, आणि त्या वर्षाच्या अखेरपासून किमान ७० टक्के दोन-तासी प्रसंगांत दोन तास पाळले गेले पाहिजेत अशी अट आली. प्रत्यक्षात देशाची सरासरी त्याहून बरीच वर, ऐंशी टक्क्यांच्या पुढे राहिली आहे.

घरी जाणाऱ्या या चमूत नर्स असते, फिजिओथेरपिस्ट असतो, घरातली दैनंदिन कामे पुन्हा शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो; काही ठिकाणी पॅरामेडिक आणि औषधतज्ज्ञही असतात. बोलावण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच असे नाही. फॅमिली डॉक्टर, वृद्धाश्रम, रुग्णवाहिकेचा फोन घेणारे केंद्र यांच्याकडून नाव येते, अनेक ठिकाणी कुटुंबालाही थेट फोन करता येतो. कोणत्या प्रसंगांना जायचे याची नऊ प्रकारांची यादी आहे आणि ती वाचताना मला आपल्याच कॉलनीतली घरे आठवली: पडणे, अशक्त वृद्धाची तब्येत एकदम ढासळणे, हालचाल बंद होणे, अचानक भ्रम, कॅथेटरची अडचण, मधुमेहाची तातडी, अंतकाळातले संकट, आणि वॉकर किंवा विशेष गादी यांसारखे साधन तातडीने लागणे. यादीतला नववा प्रकार मी तीन वेळा वाचला: घरी सेवा करणारे माणूसच आजारी पडणे किंवा त्याची ताकद संपणे. म्हणजे सत्तरीच्या बायकोला ताप आल्यामुळे ऐंशीच्या नवऱ्याला उठवायला कोणी नाही, हीसुद्धा दोन तासांत धावून जाण्यासारखी गोष्ट आहे असे तिथल्या व्यवस्थेने लिहून ठेवले आहे. सेवा करणाऱ्याचे थकणे हा वैद्यकीय प्रसंग मानलेला मी आपल्याकडच्या एकाही कागदावर पाहिलेला नाही.

आता घड्याळाकडे येऊ. तिथे दोन तासांची सुरुवात होते ती त्या चमूच्या हाती नाव आले त्या क्षणापासून आणि शेवट होतो तो प्रशिक्षित माणूस रुग्णासमोर प्रत्यक्ष उभा राहून काम सुरू करतो तेव्हा. फोनवरच्या सल्ल्याने घड्याळ थांबत नाही. ‘निघालो’ म्हटल्यानेही थांबत नाही. या एका नियमाने माझ्या वहीतले पंधरा मिनिटांचे उत्तर बाद होते आणि पावणेचार तासांचे उत्तर खरे ठरते. तरी हा नियमही पूर्ण नाही, कारण तो नाव हाती आल्यापासून मोजतो. आजी सकाळी सहाला पडली, मुलाने आठला पाहिले, डॉक्टरांना नऊला फोन लागला आणि त्यांनी चमूला साडेदहाला कळवले, तर साडेबाराला पोचलेली नर्स कागदावर वेळेत असते आणि आजी साडेसहा तास जमिनीवर असते. मधले हे तास कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. शिवाय समोर उभे राहणे म्हणजे इलाज होणे नव्हे. चौदा नंबरची नळी घेऊन आलेला मुलगा ७.५० ला दारात होता, पण बाबांच्या दृष्टीने त्या पन्नास मिनिटांत काहीच झाले नाही. म्हणून प्रतिसादाचा कोणताही आकडा ऐकताना तो कुठे सुरू होतो, कुठे थांबतो आणि थांबतो तेव्हा रुग्णाच्या शरीरात काय बदललेले असते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

आकडा सांगण्याची पद्धतही फसवू शकते. समजा एका सेवेने दहा घरी माणूस पाठवला. नऊ घरी बरोबर एका तासाने पोचला आणि एका घरी सात तासांनी. सरासरी निघते ९६ मिनिटे, म्हणजे दोन तासांच्या चांगलीच आत, आणि ‘आमची सरासरी दीड तासाच्या आसपास’ हे वाक्य खरे असूनही सात तास ताटकळलेले घर त्यात नाहीसे होते. त्याऐवजी ‘दहांपैकी नऊ जणांना दोन तासांत’ असे सांगितले तर एक घर चुकले हे कळते, पण ते पाच मिनिटांनी चुकले की पाच तासांनी हे कळत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णवाहिकांसाठी म्हणूनच दोन आकडे एकदम ठेवतात: जिवावर बेतलेल्या पहिल्या वर्गात सरासरी सात मिनिटे, आणि त्याच वेळी दहांपैकी नऊ जणांना पंधरा मिनिटांच्या आत. दुसरा आकडा मागे राहिलेल्यांची आठवण ठेवण्यासाठी असतो. मला स्वतःला तिसराही आकडा हवासा वाटतो, तो म्हणजे ज्यांना उशीर झाला त्यांना किती झाला; पण तो क्वचितच कोणी सांगते.

घड्याळ लावले की माणसे घड्याळासाठी काम करू लागतात, हेही तिथल्याच अनुभवातून शिकण्यासारखे आहे. पूर्वी जीवघेण्या प्रसंगी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांत पोचण्याचे बंधन होते. ते पाळण्यासाठी फोनवरचे बोलणे पुरते होण्याआधीच गाड्या सुटत, एकाच पत्त्यावर दोन-दोन निघत आणि नंतर एक परत बोलावली जाई; आणि रुग्णाला न्यायला गाडीच हवी असताना मोटारसायकलवरचा माणूस पोचला तरी घड्याळ थांबे. २०१७ मध्ये ही पद्धत बदलली. हृदय बंद पडण्यासारखे प्रसंग सोडून इतर फोनवर नीट विचारपूस करायला चार मिनिटांपर्यंत सवड दिली, आणि त्या इतर प्रसंगांत रुग्णाला हलवायचे असेल तिथे हलवणारी गाडी पोचल्याशिवाय घड्याळ थांबेना. अपघात विभागात आलेल्याला चार तासांत भरती करण्याच्या किंवा घरी सोडण्याच्या बंधनाचेही तसेच झाले. चार तास पुरे होण्याच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत भरतीचे निर्णय गर्दीने होऊ लागले. यावरून बंधनच नको असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते, कारण बंधन नसलेल्या ठिकाणी उशीर तेवढाच होतो आणि तो कोणाला दिसतही नाही. घड्याळ रुग्णाच्या बाजूने लावलेले असावे, एवढेच त्यातून घ्यायचे.

पण दोन तास पाळणे अवघड का जाते? पुष्कळदा आपण माणसाच्या आळसाला दोष देतो. त्या दिवशी मीही दिला. नंतर शांतपणे मांडून पाहिले तेव्हा गणित वेगळे दिसले. समजा एका भागात एकच नर्स आहे, एका घरी जायला अर्धा तास आणि काम करायला एक तास लागतो. सकाळी ९.००, ९.२० आणि ९.४५ असे तीन फोन आले. पहिल्या घरी ती साडेनऊला पोचते आणि साडेदहाला निघते. दुसऱ्या घरी अकराला पोचते. तिथे एक तास चाळीस मिनिटे झालेली, म्हणजे वेळेत. तिथून बाराला निघून तिसऱ्या घरी साडेबाराला, पावणेतीन तासांनी. तिने एक मिनिटही वाया घालवलेले नाही, तिसऱ्या घराला मात्र उशीर झालाच, आणि दुपारी दोननंतर कदाचित एकही फोन आला नाही आणि ती मोकळी बसली. आजारपणे रांगेने येत नाहीत, घोळक्याने येतात. त्यामुळे दोन तासांचे वचन पाळायचे असेल तर दिवसातला काही काळ कोणीतरी रिकामे असावेच लागते, आणि त्या रिकाम्या वेळेचा पगार कोणीतरी भरावा लागतो. जी सेवा आपल्या माणसांच्या दिवसभराच्या भेटी आधीच ठासून भरते, तिला तातडीच्या फोनला दोन तासांत माणूस देणे अशक्य असते. आमच्याकडे येणाऱ्या त्या मुलाच्या त्या दिवशी आधीच ठरलेल्या सात भेटी होत्या, हे त्यानेच मला हात धुताना सांगितले. अग्निशमन दलाचे बंब उभे दिसतात म्हणून त्यांना कोणी निरुद्योगी म्हणत नाही; घरी धावून जाणाऱ्या नर्सबद्दलही तसाच विचार करावा लागेल.

इंदूरपुरते पाहिले तर मिनिटांचा थर आपल्याकडे उभा आहे. २००५ मध्ये हैदराबादला सुरू झालेली १०८ ची कल्पना देशभर पसरली आणि आज मध्य प्रदेशातही तोच क्रमांक आहे. दिवसांचा थरही आहे; शहरात घरी येऊन ड्रेसिंग, इंजेक्शन, फिजिओथेरपी करणारे भरपूर आहेत. वेळापत्रकाने घरी जाणे सरकारला जमत नाही असेही नाही. बाळ जन्मल्यावर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, आणि केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण आखून पंचायतींच्या आधाराने नर्सना अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नेले. या भेटी मोलाच्या आहेत, मात्र त्या ठरलेल्या दिवसाच्या आहेत. आज दुपारी चारला उद्भवलेल्या प्रसंगाच्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, त्याचा आमच्या कॉलनीत अनेकांना आधार वाटतो आणि तो योग्यच आहे. पण ते संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. घरी नळी बदलण्याचा खर्च घरच्यांचा, आणि त्याच नळीपायी संसर्ग होऊन भरती झाल्यास खर्च योजनेचा, अशी स्थिती आहे. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन माहिती, मार्गदर्शन आणि धीर देते. तिच्याकडून घरी नर्स येण्याची अपेक्षा ठेवू नये.

शहराचा नकाशाही घड्याळात धरावा लागतो. सुदामा नगर, राजेंद्र नगर किंवा वैशाली नगरात स्कूटर थेट दारापर्यंत येते. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांत अरुंद बोळ, त्यापुढे उभा जिना आणि दुसऱ्या मजल्यावर आजी, असे असते. तिथे खाली पोचणे आणि वर पोचणे यांत दहा मिनिटांचा फरक पडतो, आणि आजीला खाली आणायचे तर चार माणसे लागतात. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी किंवा अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात तेव्हा त्या भागातल्या घरांनी दोन तासांचे वचन धरूनच चालू नये. ज्यांच्या घरी ऑक्सिजन किंवा कॅथेटर आहे त्यांनी आदल्या दिवशीच नळी बदलून घेणे, सिलिंडर भरून घेणे शहाणपणाचे. माझी एक मावशी अशा वेळी दोन दिवस आमच्याकडे येऊन राहते.

मग आपल्या हाती काय उरते? घरी सेवा देणाऱ्या कोणाशीही महिन्याचा व्यवहार ठरवताना, दराच्या आधी घड्याळाचे बोलून घ्यावे. तातडीच्या फोनला माणूस दारात किती वेळात येईल, रात्री आठनंतर आणि रविवारी काय, येणारा नर्स आहे की अटेंडंट, त्याला नळी बदलण्याचे शिक्षण आहे का, आणि येणे जमणार नसेल तर ते किती मिनिटांत सांगाल? मला या शेवटच्या प्रश्नाचे मोल सगळ्यांत जास्त वाटते. त्या दिवशी ४.२० ला ‘आज जमणार नाही’ असे उत्तर मिळाले असते तर पाच वाजता आम्ही बाबांना गाडीत घालून दवाखान्यात पोचलो असतो. ‘पाठवतो’ या दिलाशाने आमचे साडेतीन तास खाल्ले. त्यानंतर मी एक नियम केला आहे: तासाभरात माणूस निघाल्याचे कळले नाही तर वाट पाहणे थांबवायचे आणि दुसरी वाट धरायची. कॅथेटर पूर्ण बंद असून पोट ताठ असेल, थंडी वाजून ताप भरला असेल किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसत असतील तर तासभरही थांबायचे नाही.

वाट पाहण्याच्या त्या तासात करण्यासारखे थोडे आणि न करण्यासारखे बरेच असते. नळीला पीळ पडला आहे का, ती मांडीखाली दबली आहे का, पिशवी मूत्राशयाच्या वर टांगली गेली आहे का, दोन-तीन दिवस शौचाला झालेली नाही का, एवढे पाहावे. कैक वेळा नुसती नळी सरळ केल्याने काम भागते. सिरिंजने पाणी मारणे, नळी ओढणे किंवा कापणे हे घरच्यांनी करू नये, आणि ‘लघवी होईल’ म्हणून पाणी पाजत राहू नये. वाट बंद असताना आत साठणारे पाणी वेदनाच वाढवते. साखर सत्तरच्या खाली गेलेला माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उपसण्याची घाई करू नये. मान, कंबर किंवा मांडी दुखते का ते विचारावे, दुखत असेल तर तसेच निजू द्यावे, अंगावर पांघरूण घालावे; दुखत नसेल आणि त्याच्या अंगात बळ असेल तर कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीच्या आधाराने असे त्याचे त्यालाच टप्प्याटप्प्याने उठू द्यावे.

दुधाच्या वहीतले ते पान फाडून मी आता फ्रिजच्या दारावर लावले आहे आणि त्याखाली एक नवा कागद जोडला आहे. सोळा नंबरच्या दोन नळ्या, नळी बसवण्याची जेली, निर्जंतुक हातमोजे आणि एक नवी पिशवी देवघराशेजारच्या कपाटात ठेवली आहे. त्यांच्यावरची मुदत मी दर अमावास्येला पाहते, कारण तो दिवस विसरत नाही. पिशवी आता दर तीन तासांनी पाहून किती भरली ते लिहिले जाते, म्हणजे घड्याळाची सुरुवात तरी हरवत नाही. आणि फोनवर काय बोलायचे ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, कारण मी घरी नसले तर फोन करणारी आमच्याकडे कामाला येणारी मुलगी असेल आणि घाबरल्यावर पत्ताही आठवत नाही: ‘पेशंटचे वय शहाऐंशी, कायमचा कॅथेटर, सोळा नंबर. इतक्या वाजल्यापासून पिशवीत लघवी नाही. पोट ताठ आहे, किंवा नाही. ताप इतका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू नाही. नळी आणि सामान घरात आहे. तळमजला, जिना नाही. माणूस किती वाजता दारात येईल, ती वेळ सांगा. मी लिहून घेते आहे.’